फोकासचा वाटा

सोळाशे वर्षांपूर्वी काळ्या समुद्रात फिरणाऱ्या जहाजांवर एक रीत होती. जेवणाची वाटणी करताना खलाशी एक वाटा जास्तीचा काढत. जहाजावर दहा माणसं असली, तर वाटे अकरा. अकरावा वाटा फोकासचा. फोकास त्या जहाजावर नसे. त्याला जाऊन पिढ्या लोटल्या होत्या. मग तो वाटा त्या दिवशी एक खलाशी विकत घेई. घासाची किंमत मोजून बाजूला ठेवी. उद्या दुसऱ्याची पाळी, परवा तिसऱ्याची. जहाज बंदराला लागलं आणि माणसं सुखरूप जमिनीवर उतरली, की साठलेले पैसे बंदरातल्या भुकेल्यांना वाटून टाकत. फोकासचा वाटा असा फोकासपर्यंत पोहोचे.

ही रीत आपल्याला कळते ती अमासियाचे बिशप आस्तेरियस यांच्यामुळे. इ.स. 400च्या आसपास त्यांनी फोकासच्या स्मरणदिनी एक प्रवचन दिलं आणि ते टिकून राहिलं. त्याच काळात कॉन्स्टँटिनोपलला फोकासचे अवशेष आणले गेले, तेव्हा संत योहान ख्रिसोस्तोम यांनीही त्याच्यावर प्रवचन केलं. दूरदूरच्या समुद्रांवरचे खलाशी त्याचं नाव घेत, त्याची गाणी गात, असं आस्तेरियस सांगतात. पूर्वेकडच्या चर्चमध्ये 22 सप्टेंबरला त्याचं स्मरण होतं आणि खलाशांचा पाठीराखा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आजच्या सकाळी मी हा संत हिवरे बाजारात आणतो आहे. नगर तालुक्यातलं हे गाव. इथे समुद्र नाही, बंदर नाही, नदीलासुद्धा पावसाळा सोडला तर पाणी नसे. पण समुद्रावरच्या त्या अकराव्या वाट्याचा अर्थ मला या गावाच्या शिवारात जितका स्वच्छ दिसतो, तितका दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आधी फोकासची ओळख नीट करून घेऊ. गंमत अशी, की खलाशांचा हा संत स्वतः खलाशी नव्हताच. तो माळी होता. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानात, सिनोप नावाचं शहर आहे, तेव्हाचं सिनोपे. समुद्रात घुसलेल्या जमिनीवर वसलेलं हे जुनं बंदर. मुख्य भूमीशी त्याला जोडते ती एक अरुंद पट्टी. त्या पट्टीवर, शहराच्या वेशीजवळ, फोकासची बाग होती. भाजीपाला पिकवायचा, त्यावर पोट भरायचं आणि उरेल ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ताटात वाढायचं, एवढंच त्याचं आयुष्य. वेशीजवळचं घर असल्याने वाटसरू पहिल्यांदा त्याच्याच दारात यायचा. कुठला, कोण, कशासाठी आला, हे विचारण्याआधी त्याला पाणी आणि भाकरी मिळायची.

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला, तेव्हा फोकासचं नावही कुणीतरी अधिकाऱ्यांना कळवलं. त्याचा धर्म लपलेला नव्हता, त्यामुळे चौकशीची गरज कुणाला वाटली नाही. त्याला गाठायचं आणि जागेवर मारायचं, असा हुकूम घेऊन सैनिक निघाले. ते सिनोपेला पोहोचले आणि नेमके फोकासच्याच दारात मुक्कामाला थांबले. त्यांना तो ओळखू आला नाही. त्यालाही ते कशासाठी आलेत हे माहीत नव्हतं. त्याने रोजच्या सवयीने त्यांना जेवू घातलं. जेवताना ओळख वाढली, मोकळेपणा आला, आणि सैनिकांनीच विचारलं, इथे फोकास नावाचा कुणी राहतो, तो कुठे सापडेल? फोकास म्हणाला, मला तो माहीत आहे. आज विश्रांती घ्या, सकाळी मी तुम्हाला त्याच्यापर्यंत नेतो.

सैनिक झोपले. पुढची अख्खी रात्र फोकासच्या हातात होती. बंदर जवळ होतं. त्याच्या हातचं खाल्लेली माणसं किती तरी गलबतांवर असणार. तो सहज निघून जाऊ शकला असता. त्याने त्या रात्री आपल्यासाठी खड्डा खणला आणि पुरण्याची तयारी केली. सकाळी त्याने पाहुण्यांना सांगितलं, फोकास सापडला आहे, तो मीच. सैनिक सुन्न झाले. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर तलवार कशी उचलायची? ते कचरले, तेव्हा त्यानेच त्यांना धीर दिला, की हुकूम तुमचा नाही, तुम्ही तो पाळणारे आहात. आणि त्यांनी त्याचा शिरच्छेद केला.

शतकानुशतकं सांगितल्या गेलेल्या या कथेत भर पडली असेल, काही गळलंही असेल. पण तिचा गाभा आस्तेरियसांच्या प्रवचनात ठसठशीत आहे: एक माळी, वेशीजवळची बाग, परक्यांसाठी वाढलेलं ताट, आणि मारायला आलेल्यांनाही त्याच ताटातलं वाढणारा हात.

मग खलाशांनी हाच संत का निवडला? समुद्रावर जाणाऱ्यांना वादळातून वाचवणारे संत आणखीही आहेत. बिशप एरास्मस आहेत. वादळात डोलकाठीच्या टोकावर दिसणारा निळसर उजेड त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या किनाऱ्यावर वसई-उत्तनचे ख्रिस्ती कोळी होड्यांना संतांची नावं देतात, आणि नारळी पौर्णिमेला हिंदू कोळी दर्याला नारळ वाहतात. दर्यावर जाणारा माणूस रक्षणकर्ता शोधतोच. पण सिनोपेच्या खलाशांनी वादळं शमवणारा कुणी पराक्रमी शोधला नाही. जमिनीवर उतरल्यावर ज्याच्या दारात पोटभर जेवण मिळायचं, त्याला त्यांनी समुद्रावर सोबत घेतलं. परक्या बंदरात उतरलेल्या माणसाला ओळख नसते, घर नसतं, कधी कधी भाषाही नसते. अशा वेळी ज्याने वाढलं त्याला माणूस विसरत नाही. मला वाटतं, फोकासचं संतपण खलाशांच्या पोटातून त्यांच्या मनात चढलं असेल.

पुढची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. त्याची आठवण ठेवण्यासाठी खलाशांनी जहाजावर नुसती मूर्ती ठेवली असती, दिवा लावला असता, तरी चाललं असतं. त्यांनी वाटा ठेवला, आणि त्या वाट्याचा हिशेब ठेवला. वाटा इतरांच्या वाट्याएवढाच असे, शिळं-उरलेलं नव्हे. त्याची किंमत ठरलेली, आणि ती देण्याची पाळी प्रत्येकावर येई. एकाच उदार माणसावर भार पडत नसे आणि एकही माणूस सुटत नसे. शेवटी तो पैसा कुठे जायचा, हेही आधीच ठरलेलं असे. भावना कुणाच्या मनात किती आहे, हे कुणी विचारत नव्हतं. आज कुणाची पाळी, एवढं विचारलं की पुरे.

आपल्याकडे दया म्हणजे मनाला पाझर फुटणं, असं समजलं जातं. पाझर फुटला तर देऊ, नाही फुटला तर पुढे जाऊ. पण मनाचा पाझर हा भरवशाचा झरा नाही. दुष्काळात तो आधी आटतो. स्वतःच्या घरात चणचण असली की शेजाऱ्याची चणचण दिसेनाशी होते. समुद्राच्या मध्यावर, जिथे पिण्याचं पाणी पिंपात मोजून ठेवलेलं असतं आणि किनारा किती दिवसांनी दिसेल हे सांगता येत नाही, तिथे परक्यासाठी वाटा काढायला नुसता पाझर पुरला नसता. त्यासाठी माप लागलं, पाळी लागली, सगळ्यांसमोर मोजलेले पैसे लागले. दयेला हिशेब जोडला तेव्हाच ती जहाजावर टिकली.

आपल्या मराठी मनाला माळी संत नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत. मळ्यातल्या कामातच त्यांना विठ्ठल भेटला. म्हणूनच इतर संतांच्या पालख्या पंढरीला जातात आणि पांडुरंगाची पालखी मात्र अरणला येते, ही परंपरा आजही आहे. माळ्याचं काम मुळात असं आहे, की हातातलं बी मातीत टाकून द्यावं लागतं आणि वाट पाहावी लागते. आज पोटात घालता येईल ते उद्यासाठी जमिनीत ठेवायचं. बियाण्याचा दाणा खाऊन टाकणाऱ्या घरात पुढच्या साली चूल पेटत नाही, हे माळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. सिनोपेचा फोकास आणि अरणचे सावता यांची भाषा निराळी, देवाचं नाव निराळं, पण मातीकडून दोघांनी घेतलेला धडा एकच होता.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात ख्रिस्ती संतकथा मराठीतून ऐकण्याचीही जुनी सवय आहे. 1831मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला काम सुरू केलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक इथे राहिले, लिहिते झाले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मराठी घराघरांत पोहोचली. टाळ-मृदंगावर येशूची भजनं म्हणणारी गावं या जिल्ह्यात आहेत. त्यामुळे काळ्या समुद्राकाठचा हुतात्मा इथल्या मातीत अगदीच परका वाटायचं कारण नाही.

आता हिवरे बाजारकडे वळू.

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि इथे पोहोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस साधारण 400 मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही नेमाने पडेल याची खात्री नाही. 1972च्या दुष्काळाने गावाचं कंबरडं मोडलं. विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले, माणसं मजुरीसाठी बाहेर पडली. जे मागे राहिले त्यांच्यात भांडणं वाढली, हातभट्टी वाढली. 1995च्या सुमारास केलेल्या पाहणीत 182 कुटुंबांपैकी 168 कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती.

1989-90च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामसभेने गावाची घडी पुन्हा बसवायला घेतली. राज्याच्या आदर्श गाव योजनेत गाव सामील झालं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, नाल्यांवर बांध घातले, पाझर तलाव धरले, झाडं लावली आणि जगवली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. हळूहळू विहिरींना पाणी आलं, आणि बाहेर गेलेली किती तरी कुटुंबं परत आली. पोपटरावांना 2020मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं बहुतेकांना माहीत आहे. मला आज बोलायचं आहे ते गावाच्या एका सवयीबद्दल, पाण्याच्या ताळेबंदाबद्दल.

दरवर्षी पावसाळा सरताना गाव पाण्याचा हिशेब मांडतं. पर्जन्यमापकाने पाऊस मोजलेला असतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. गावाचं क्षेत्र सुमारे 975 हेक्टर. म्हणजे 100 मिलिमीटर पाऊस झाला तर जवळजवळ साडेसत्त्याण्णव कोटी लिटर पाणी शिवारावर पडतं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्यातलं काही वाफ होऊन उडतं, काही वाहून जातं, काही मातीच्या वरच्या थरात ओल बनून राहतं, आणि उरलेलं खाली झिरपतं. विहिरींची पातळी पाहून हातात खरंच किती आहे ते काढायचं. मग वाटणी. पहिला वाटा माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, आणि घरातल्या रोजच्या वापराचा. त्यानंतर जे उरतं त्यातलं साधारण 70 टक्के शेतीला. आणि राहिलेलं 30 टक्क्यांच्या आसपास पाणी वापरायचंच नाही. ते जमिनीत मुरलेलं राहू द्यायचं, पुढच्या काळासाठी. हा हिशेब ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवला जातो आणि पाणी कमी असेल त्या वर्षी रब्बीत काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे तिथेच ठरतं.

ते न वापरलेलं पाणी हा मला हिवरे बाजारचा अकरावा वाटा वाटतो.

तो कुणाचा आहे? जे अजून जन्माला आलं नाही त्या लेकराचा आहे. पुढच्या वर्षी पाऊस दगा देईल तेव्हाच्या गायीचा आहे. शिवारातल्या झाडांचा, पाखरांचा आहे. यातलं ग्रामसभेत येऊन हात वर करणारं कुणीच नाही. जहाजावर फोकासही हजर नसायचा. हजर नसलेल्याचा वाटा हजर असलेल्यांनी काढून ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही, ही दोन्ही ठिकाणची रीत. ज्याच्या विहिरीत पाणी दिसतं आहे, बाजारात भाव चांगला आहे, मोटर सुरू करायला फक्त एक बटण दाबायचं आहे, त्या शेतकऱ्याने हात आवरणं सोपं नाही. पण पाळी सगळ्यांची आहे आणि हिशेब सगळ्यांनी ऐकलेला आहे, म्हणून एकेकट्याला जड जाणारी गोष्ट गावाला पेलते.

अशीच आणखी एक गोष्ट. गावात मुस्लिम कुटुंब एकच, आणि त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद उभी केली. संख्या पाहिली असती तर मशिदीची गरज कुणी मान्य केली नसती. पण वाटा संख्येवर ठरत नाही. एक माणूस असला तरी त्याचा वाटा पूर्ण असतो. फोकासच्या वाट्यातही हाच नियम होता: इतरांएवढाच, कणभरही कमी नाही.

इथे एक प्रश्न मनात येतो. जहाजावर अन्न मोजकं, गावात पाणी मोजकं. मोजक्यातून एक वाटा बाहेर काढला तर आपल्याला कमी पडणार नाही का? मग रक्षण कुणाचं झालं? घेणाऱ्याचं झालं, हे दिसतं. देणाऱ्याचं कसं होतं?

आस्तेरियस फोकासबद्दल खलाशांनी सांगितलेल्या काही गोष्टी नोंदवतात. वादळ येऊ घातलेलं असताना सुकाणूवर पेंगणाऱ्या तांडेलाला तो हलवून जागं करतो. कधी शिडाचे दोर ओढून ताणतो. कधी नाळेवर उभा राहून उथळ पाण्यातले खडक न्याहाळतो. नीट पाहा, या गोष्टींत फोकास वादळ थांबवत नाही. समुद्र शांत करत नाही. तो माणसाला जागं करतो आणि जागेपणाची कामं करतो.

हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. जो माणूस रोज वाटा काढतो, त्याला आपल्याजवळ किती आहे हे रोज पाहावंच लागतं. अकरा वाटे घालणाऱ्या खलाशाला पिंपातलं पाणी आणि पोत्यातलं धान्य रोज दिसतं. त्याला कोठार रिकामं होताना अचानक कळत नाही. पुढच्या पिढीचा वाटा राखणाऱ्या गावाला विहिरीची पातळी ऑक्टोबरातच ठाऊक असते. इतरांना ती मार्चमध्ये कळते, टँकर मागवण्याची वेळ आल्यावर. दिल्याने साठा कमी होतो हे खरं, पण देण्यासाठी डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि उघड्या डोळ्यांनीच जहाज आणि गाव दोन्ही वाचतात. स्वतःपुरतं पाहणारा माणूस भरल्या विहिरीच्या काठी झोपी जातो. दुसऱ्याचा वाटा काढणारा जागा राहतो. तांडेलाला हलवणारा हात, माझ्या मते, त्या अकराव्या वाट्याचाच आहे.

अजून एक पायरी शिल्लक आहे आणि ती अवघड आहे. फोकासने त्या रात्री सैनिकांनाही वाढलं. ते मारायला आले आहेत हे कळल्यावरही त्याने त्यांना घरातून काढलं नाही, त्यांच्या अंथरुणाला हात लावला नाही. स्वतःचा खड्डा स्वतः खणला. मेल्यावरसुद्धा आपला भार दुसऱ्यावर नको, असा त्याचा विचार असावा असं मला वाटतं. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याला वाढलं, त्याने शेवटचं कामही दुसऱ्यावर टाकलं नाही. अशी श्रद्धा एका रात्रीत येत नाही. वर्षानुवर्षं दारातल्या प्रत्येकाला, चांगला-वाईट न पाहता, वाढत गेल्याने हात तसा घडतो. मग परीक्षेच्या रात्री हात वेगळं काही करूच शकत नाही. हौतात्म्य त्याच्या बागेत रोज थोडं थोडं पिकत होतं; तलवार आली ती फक्त कापणीला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात तलवार येणार नाही. येईल ती साधी कसोटी. शेजारच्याने नियम मोडून जास्त पाणी ओढलं, तर मी माझा नियम पाळायचा का? ज्याने माझ्याशी वैर केलं त्याच्या लेकराचा वाटा मी राखायचा का? जो कधी परतफेड करू शकणार नाही, त्याच्यासाठी आजचा घास बाजूला ठेवायचा का? सिनोपेच्या माळ्याचं उत्तर त्याच्या जगण्यात लिहिलेलं आहे. आणि एकेकाळी अठरा विश्वे दारिद्र्य असलेल्या गावाने, माणूस पुष्कळ मिळाल्यावर उदार होतो हा समज खोटा ठरवला. त्या गावाने कमी असतानाच वाटा काढायला सुरुवात केली, आणि नंतर त्याच्याकडे पुरेसं झालं.

म्हणून आज सकाळी कामाला लागण्याआधी एक गोष्ट ठरवू. मनाला पाझर फुटण्याची वाट न पाहता एक वाटा नेमून टाकू. पाण्याचा असो, पैशाचा असो, वेळेचा असो. त्याचं माप ठरवू आणि ते माप इतरांच्या मापाएवढंच ठेवू, उरलंसुरलं नको. घरातल्या प्रत्येकाची पाळी लावू, धाकट्यांचीही, कारण ज्याची पाळी येते त्यालाच वाटा आपला वाटतो. तो कुणापर्यंत पोहोचायचा तेही आधीच ठरवू, म्हणजे तो साठून आपल्याच पेटीत राहणार नाही. आणि त्याचा हिशेब उघडा ठेवू, चारचौघांत मोजता येईल असा.

हे प्रभो, जे आमच्या पंगतीला नाहीत त्यांचा वाटा काढायची बुद्धी आम्हाला दे. आमच्याकडे कमी असेल त्या वर्षीही आमचा हात आखडू देऊ नको. आमच्या वाईटावर असलेल्याला वाढताना आमचं माप खोटं होऊ देऊ नको. आणि सुकाणू आमच्या हातात असताना आम्हाला झोप लागली, तर आम्हाला हलवून जागं कर.